नखं खुशाल लावा, पण बाटली उलटी करून बघा

"ताई, कर्जतमध्ये चांगली नकली नखं कुठे मिळतील?"

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला पाच-सहा जणींनी विचारला. एरवी माझ्याकडे येणारे मेसेज म्हणजे पाणी का आलं नाही, खोपोली लोकल का रद्द झाली, अमुक रस्त्याचं काम कुणाला मिळालं. म्हणून आधी गंमत वाटली. मग चार दुकानं फिरले, पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींशी बोलले, पाकिटं आणि बाटल्या विकत आणून टेबलावर मांडल्या आणि त्यांच्यावरचं वाचत बसले. आता गंमत वाटत नाही.

एक सहकारी म्हणालाच, "हा काय बातमीचा विषय आहे का?" आहे की. खताच्या गोणीवर कंपनीचा पत्ता नसला तर आपण पहिल्या पानावर घेतो. बायकांच्या बोटांना चिकटणारी बाटली बिनपत्त्याची विकली जात असेल तर ती का नाही घ्यायची?

आधीच सांगते, ही पोस्ट "नखं लावू नका" असं सांगायला नाही. हौस करावी. आपल्याकडे आता फार्महाऊस आणि रिसॉर्टवरची लग्नं हा मोठा धंदा आहे. मुंबई-पुण्याची पार्टी येते, मेकअपवाली तिकडून येते आणि तिच्या हाताखाली कर्जत, नेरळ, चौक, खोपोलीच्या मुली दिवसाच्या बोलीवर जातात. मेंदी, हेअर, साडी ड्रेपिंग, आणि आता नखं. ज्या मुली पूर्वी नर्सरीत किंवा पॅकिंगच्या कामाला जायच्या, त्यातल्या काही आज स्वतःची किट बाळगतात. त्यामुळे हा हौसेइतकाच पोटाचाही विषय आहे.

तर, कुठे मिळतात?

सगळ्यात सोपं ठिकाण म्हणजे आपली लोकल. लेडीज डब्यात टिकल्या, क्लिपा, कानातले घेऊन येणाऱ्या मावशींच्या ट्रेमध्ये नखांची पाकिटंही असतात. एका संध्याकाळपुरती, शाळेच्या गॅदरिंगला किंवा गरब्याला लावायला ती ठीक आहेत. प्लॅस्टिक पातळ असतं, दोन्ही कडा बोटाला टोचतात, माप एकच असल्यासारखं. पण मावशींशी घासाघीस करू नका, त्यांच्या हातात त्यात फार काही राहत नाही.

दुसरं, स्टेशन रोडची आणि बाजारपेठेतली कटलरी-जनरल स्टोअर्स. कर्जतला, नेरळला, खोपोलीच्या बाजारात, सगळीकडे आता काचेच्या कपाटात चोवीस नखांचा एक खोका अशी पाकिटं टांगलेली दिसतात. इथे एक फायदा आहे जो बाकी कुठे नाही. दुकानदार ओळखीचा असतो, उद्याही तिथेच असतो. पाकीट फोडलं नसेल तर माप बदलून देतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्या मुलीने इथूनच घ्यावं, भले पन्नास रुपये जास्त जावोत.

तिसरं, पार्लरवाल्या ज्या घाऊक बाजारात जातात ते. उल्हासनगर जवळ पडतं, म्हणून बऱ्याच जणी तिकडे उतरतात. मोठी खरेदी असली तर थेट सीएसएमटीला जाऊन क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटची गल्ली. तिथे शंभर किंवा पाचशे टिप्सचा डबा मिळतो, आतमध्ये खण केलेले, शून्य ते नऊ असे दहा मापांचे नंबर. शून्य सगळ्यात रुंद, अंगठ्याला, नऊ करंगळीला. डबा स्वस्त पडतो, पण एकटीला काय करायचाय? चौघी मैत्रिणी मिळून घेत असाल तर वेगळं.

आणि चौथं, मोबाईल. आमच्या गल्लीत कुरियरवाला रोज येतो त्यातली निम्मी पार्सलं असल्याच वस्तूंची असतात. ऑनलाइन माल वाईट असतो असं नाही, उलट मापाचा तक्ता तिथेच नीट दिलेला असतो. मात्र फोटोत लेबलची मागची बाजू दाखवली नसेल तर तो माल मी घेत नाही. वस्तूचा मूळ देश, आयात करणाऱ्याचं नाव आणि एमआरपी सांगणं वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे विक्रेत्याला बंधनकारक आहे. ज्याला ते सांगायला लाज वाटते त्याच्याकडून आपण का घ्यावं?

आता निवडायची कशी. इथे बहुतेक जणी रंग बघतात. रंग शेवटी बघा.

आधी माप. आपलं नख एका बाजूच्या कातडीपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जेवढं रुंद आहे, नकली नख बरोबर तेवढंच हवं. कातडीवर चढलं तर तिथून उचकटतं आणि त्या फटीत पाणी शिरतं. अरुंद असलं तर दोन दिवसांत कडेने सुटतं आणि सुटताना खालच्या नखाचा पापुद्रा घेऊन जातं. दोन मापांच्या मध्ये अडलात तर मोठं घ्या आणि कडा फाइलने घासून कमी करा. घरी मोजायची युक्ती साधी आहे. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा नखावर आडवा लावायचा, पेनने दोन्ही कडांना खूण करायची, पट्टी काढून मोजपट्टीवर ठेवायची. दोन्ही हातांची दहाही बोटं मोजा, उजव्या-डाव्या अंगठ्यात फरक निघतो. माझ्या निघाला.

मग बाक. काहींची नखं कौलासारखी गोल असतात, काहींची सपाट. सपाट नखावर जास्त बाकाचं नख दाबून बसवलं तर ते दिवसभर सरळ व्हायला बघतं, बोट ठणकतं. पाकीट हातात घेऊन समोरून डोळ्यांच्या रेषेत धरलं की बाक कळतो.

लांबीचं काय सांगू. टोकदार बदामी आकार फोटोत छान दिसतो. पण भाकरी थापायची, कपडे पिळायचे, लोकलच्या दांड्याला लटकायचं, यूपीआयचा पिन मारायचा, तर बोटाच्या टोकाबाहेर फार तर दोन-तीन मिलिमीटर आणि टोक गोलाकार. लांब नखाला धक्का बसला की ते तरफेसारखं काम करतं आणि आपलं खरं नख मुळापासून उचलतं. हाताच्या नखाची वाढ महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. म्हणजे पूर्ण नख नव्याने यायला सहा महिने. एका हळदीच्या फोटोसाठी सहा महिने महाग आहेत.

आणि आपल्याकडचा पाऊस विसरू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे हात कोरडा असतो कधी? लावणीला जाणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, हॉटेलात काम करणाऱ्या बायांनी या दिवसांत चिकटवलेली नखं आठवडाभर ठेवू नयेत. नकली नखाखाली ओल अडकली की बुरशी धरते, किंवा एका जातीचे जिवाणू वाढून नख हिरवं पडतं. पुष्कळ जणी तो रंगाचा डाग समजून त्यावर दुसरं नख लावतात. तसं करू नका. काढा, उघडं ठेवा, कोरडं ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

दोन ठिकाणी नकली नखं मुळातच चालत नाहीत. एक स्वयंपाक. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांतल्या परिशिष्ट ४मध्ये अन्न हाताळणाऱ्यांनी नकली नखं वापरू नयेत असं स्पष्ट आहे, कारण ती अन्नात पडतात. रिसॉर्टच्या किचनपासून वडापावच्या गाडीपर्यंत सगळ्यांना ते लागू. दुसरं रुग्णसेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हात स्वच्छ ठेवण्याच्या ज्या सूचना काढल्या, त्यात रुग्णाला थेट हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं वापरू नयेत असं म्हटलंय. नर्सिंग करणाऱ्या पोरींनो, हे तुमच्यासाठी. आणि ऑपरेशनला किंवा बाळंतपणाला दाखल होताना पेशंटनेही काढून जावीत. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र नखातून प्रकाश टाकून आकडा काढतं, जाड रंगीत नख मध्ये आलं की तो चुकू शकतो.

आता मूळ मुद्द्याकडे. प्लॅस्टिकचं नख हा या प्रकरणातला गरीब बिचारा भाग आहे. त्रास देते ती सोबतची बाटली.

नखं चिकटवायच्या तीन रीती आहेत. पहिली, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पारदर्शक जेलीसारख्या टिकल्या. दिवस-दोन दिवस टिकतात, कोमट पाण्यात साबण आणि थोडं खोबरेल घालून हात बुडवला की सुटतात. लग्नाला, साखरपुड्याला एवढं पुरतं. मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

दुसरी, नेल ग्लू. हा सायनोअॅक्रिलेट, म्हणजे आपण चपला आणि खेळणी चिकटवतो त्या झटपट गोंदाच्याच कुळातला. काळजीने वापरला तर आठवडाभर नख टिकतं. पण दोन गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. हा गोंद कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला तर लगेच इतका तापतो की खालची कातडी भाजते. म्हणून सांडला तर कापसाने पुसायचा नाही. आणि ही इवलीशी बाटली डोळ्यांच्या ड्रॉप्ससारखी दिसते. घाईत, झोपेत चुकून डोळ्यात गोंद घातल्याचे प्रकार जगभर झालेले आहेत. औषधांच्या डब्यात ती ठेवू नका. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरा. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत धूत थेट डॉक्टर.

नख काढताना दाताने उचकटणं हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय, तेही लग्नाच्या पंगतीत. गोंदाने लावलेलं नख अॅसिटोनमध्ये भिजवूनच काढायचं, दहा-पंधरा मिनिटं लागतात. खिडकी उघडी आणि गॅस बंद, कारण अॅसिटोन पेट घेतं.

तिसरी रीत जेल आणि अॅक्रिलिकची. पार्लरमधलं एक्स्टेन्शन ते हेच, आणि हल्ली छोट्या यूव्ही दिव्यासकट घरगुती किटही मिळतात. इथे जरा थांबून वाचा.

या जेलमध्ये अॅक्रिलेट जातीची रसायनं असतात. पक्की वाळली की निरुपद्रवी, ओली असताना कातडीला लागली की अॅलर्जी धरू शकतात. दिवा एका कंपनीचा, जेल दुसरीचं, दिवा कमी ताकदीचा, थर जाड, असं झालं की वरून कडक वाटणारं नख आत कच्चं राहतं. अॅलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. सहा महिने काही होत नाही आणि मग एक दिवस बोटांची टोकं खाजायला लागतात, कातडी फाटते, नख वर उचलतं. कधी पापण्यांवर पुरळ येतं आणि कारण कळतच नाही, कारण हात तोंडाला लागत असतो. एकदा धरली की ही अॅलर्जी बहुधा जन्मभर राहते. आणि हीच रसायनांची जात दातात भरायच्या सिमेंटमध्ये, हाडांच्या ऑपरेशनमध्ये, मधुमेहाच्या सेन्सरच्या चिकटपट्टीत असते. म्हणजे आज नखाचा त्रास, पुढे डेंटिस्टकडे अडचण.

यातलं हेमा नावाचं रसायन युरोपियन युनियनने फक्त व्यावसायिक वापरापुरतं ठेवलंय, बाटलीवर अॅलर्जीचा इशारा सक्तीचा. टीपीओ नावाचा दुसरा घटक, जो दिव्याखाली जेल कडक करतो, तो तिकडे १ सप्टेंबर २०२५पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच झाला, प्रजननक्षमतेला धोका म्हणून. तिथे विकता येईना झालेला माल कुठल्या तरी बाजारात उतरणारच, असं मला तरी वाटतं. घाऊक बाजारातून बिनलेबलची बाटली आणताना एवढं डोक्यात ठेवा.

गिऱ्हाईक महिन्यातून एकदा नख लावतं. लावणारी मुलगी दिवसात चार जणींची लावते. खालापूर तालुक्यातल्या एका पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलीशी बोलले. वय तेवीस. उजव्या हाताची तीन बोटं टोकाला सोललेली, तांबूस. मालकीणबाई म्हणाल्या साबणाने झालं असेल. तिने तीन महिने क्रीम लावलं, काम चालू ठेवलं. मला तिने सांगितलेली गोष्ट डोक्यातून जात नाही. रेशन दुकानात अंगठा लागत नव्हता. यंत्र तिला ओळखेना. चार वेळा पुसून लावला, दुकानदार म्हणाला उद्या ये, उद्या गेली तरी तेच. शेवटी आईला काम बुडवून न्यावं लागलं. "ताई, नखाच्या कामामुळे असं होत असेल असं मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. कोण सांगणार? आयटीआयमध्ये बेसिक कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक मुली एकमेकींचं बघून आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकलेल्या. नायट्राइलचे हातमोजे घाला, ओलं जेल कातडीला लागू देऊ नका, घासताना मास्क लावा, एवढं सांगायला फार मोठा कोर्स लागत नाही. लेटेक्सच्या साध्या मोज्यांतून ही रसायनं पटकन आत जातात, नायट्राइलमधूनही काही वेळाने जातात, म्हणून ते दर गिऱ्हाइकाला बदलायचे. खर्च वाढतो, हे मान्य. तो दरात धरा. गिऱ्हाईक देतं.

मग हे तपासायचं कुणी?

कायदा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०चा, आणि त्याखालचे सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम डिसेंबर २०२०चे. देशी मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, किती तारखेपर्यंत वापरायचं ते हवं. बाहेरच्या मालावर आयात नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात, कोण, काय, कुठे, कधी. बाटलीच्या मागच्या बाजूलाही हेच चार प्रश्न विचारायचे आहेत. मी आणलेल्या सात बाटल्यांपैकी चारांवर एकाचंही उत्तर नव्हतं. एकीवर तर फक्त फुलाचं चित्र आणि "नेल ग्लू". एका दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, गोंदाला काय एक्सपायरी असते का?" असते. उघडी बाटली घट्ट होत जाते, आणि मग माणूस दुप्पट गोंद ओततो.

दुकानदारांवर सगळा राग काढण्यात अर्थ नाही. मेडिकलला परवाना लागतो, फार्मसिस्ट लागतो. सौंदर्यप्रसाधनं नुसती विकायला वेगळा परवानाच लागत नाही. त्यामुळे आपल्या दोन तालुक्यांत नेल ग्लू आणि जेल कोण कोण विकतं याची यादी परवान्यांच्या फायलींतून निघणार नाही. तपासणीचं काम औषध निरीक्षकांकडे, ज्यांच्याकडे मेडिकल दुकानं आणि औषध कंपन्याही आहेत. जिल्ह्याचं अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय पेणला. खांडस किंवा कशेळ्याच्या बाईने दोनशे रुपयांच्या बाटलीसाठी पेणला जायचं?

बाजार दर वर्षी वाढतोय, लग्नसराईत माल गोण्यांनी येतोय. दिवाळीच्या आधी मिठाई-खव्याच्या धाडी पडतात तशा लग्नसराईच्या आधी दोन दिवस कटलरीच्या दुकानांत बाटल्या उलट्या करून बघायला काय हरकत आहे? ही मागणी मी लेखी देणार आहे. पार्लर चालवणाऱ्या ज्या ताईंना सही करायची असेल त्यांनी सांगा. नाव जाहीर नको असेल तर तसंही सांगा, मी समजू शकते.

तोवर तुमच्या हातातली एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती फार थोड्यांना माहीत आहे. याच १९४०च्या कायद्याचं कलम २६ साध्या गिऱ्हाइकाला अधिकार देतं की विकत घेतलेलं सौंदर्यप्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यावं आणि सहीचा अहवाल मागावा. त्यासाठी बिल हवं. म्हणून बाटली घेताना बिल मागा, छापील नसेल तर कागदावर दुकानाचा शिक्का. खोका आणि बाटली फेकू नका. पुरळ आलं तर त्याच दिवशी उजेडात फोटो काढा, बाटलीचा मागचा-पुढचा फोटो सोबत ठेवा आणि डॉक्टरला केसपेपरवर "नखाच्या गोंदानंतर" किंवा "जेलनंतर" असं लिहायला सांगा. पैशाची फसवणूक असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं.

आणि त्या पाच-सहा जणींना उत्तर: स्टेशन रोडला जा, टिकल्यांवाला सेट घ्या, मधल्या लांबीचा, गोल टोकाचा. पाकीट फोडायच्या आधी मागची बाजू वाचा. तिथे पत्ता नसेल तर पुढच्या दुकानात जा.